हशा कुठे पिकतो? स्टँड-अपवाल्यांकडून गोष्ट सांगायला शिकताना

मी शाळेत मराठी शिकवते आणि दर वर्षी कथाकथन स्पर्धेसाठी मुलांची तयारी करून घेते. मधल्या सुट्टीत एखादा मुलगा काल घरात साप कसा निघाला ते सांगत असतो, तेव्हा भोवतीची पोरं डबा खायची थांबतात. तोच मुलगा स्पर्धेत उभा राहिला की आवाज चढतो, हात ठरल्या जागी हलायला लागतात, मान डोलते आणि तिसऱ्या मिनिटाला परीक्षक घड्याळ बघतात. गोष्ट त्याच्याजवळ होतीच. सांगायची रीत आम्ही त्याला चुकीची शिकवली.

हे मला नीट उमगलं ते एका ओपन माइकमध्ये, म्हणजे कुणीही नाव देऊन माइकसमोर उभं राहू शकतं अशा कार्यक्रमात. पुण्यातल्या एका कॅफेचा वरचा मजला, चाळीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या. भाचीच्या आग्रहानं मी नाव दिलं होतं. पाच मिनिटं मिळतात. चार संपली की मागून मोबाइलचा दिवा दाखवतात, म्हणजे आवरतं घ्या. मी आमच्या घरातली सगळ्यांची लाडकी गोष्ट घेतली होती: आत्या साताऱ्याहून शिलाई मशीन घेऊन एसटीनं आली, ती. दिवा दिसला तेव्हा मी अजून आत्याचा स्वभावच सांगत होते, गाडी सुटलीसुद्धा नव्हती. माझ्यानंतरच्या मुलानं रूममेटच्या कुकरची गोष्ट सांगितली आणि खोली हशानं दणाणली. त्याच्या गोष्टीत तसा फार ऐवज नव्हता. पण प्रत्येक शब्द कामाला लावलेला होता.

त्यानंतर मी अशा कार्यक्रमांना जात राहिले, मुख्यतः ऐकायला, वही घेऊन. स्टँड-अपवाले, म्हणजे एकट्यानं माइकसमोर उभं राहून लोकांना हसवणारे, जे करतात त्यातलं बरंच काही आपल्या कीर्तनकारांना, तमाशातल्या सोंगाड्यांना, पारावरच्या बोलक्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. स्टँड-अपची खासियत एवढीच की तिथे पंधरा-वीस सेकंदांनी पावती मिळते. लोक हसले किंवा नाही हसले. टाळ्या शिष्टाचार म्हणूनही वाजतात, तसं हसू येत नाही. त्यामुळे या लोकांनी गोष्ट घासूनपुसून चालती ठेवण्याचं जे तंत्र कमावलंय, ते निरोप समारंभात बोलणाऱ्याला, वर्गात शिकवणाऱ्याला, सत्काराला उत्तर देणाऱ्याला, कोणालाही उपयोगी पडतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी आत्याच्या त्याच गोष्टीवर करून दाखवते.

पायरी १: विषय बाजूला ठेवा, म्हणणं शोधा

कॉमेडियन याला प्रिमाइस म्हणतात. 'माझी आत्या' हा विषय झाला. 'माझी आत्या फार हट्टी होती' हा शेरा झाला आणि शेरा ऐकून कुणी कान टवकारत नाही, कारण हट्टी आत्या प्रत्येकाच्या घरी असते. 'माझ्या आत्याच्या लेखी शिलाई मशीन ही वस्तू नव्हतीच, घरातलं माणूस होतं', हे म्हणणं झालं. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच 'म्हणजे काय?' उमटतं. तो प्रश्न उमटला नाही तर अजून म्हणणं सापडलेलं नाही असं समजा.

अडलं तर कॉमेडीच्या वर्गांत विचारतात ते चार प्रश्न स्वतःला विचारा: यात अवघड काय आहे, विचित्र काय आहे, भीती कशाची आहे, मूर्खपणा कुठे आहे? एकाच घटनेला चारही लावून बघा. ज्या उत्तरापाशी तुमचाच आवाज बदलेल, तिथून गोष्ट सुरू करा. मला 'विचित्र काय' या प्रश्नानं मशीनपर्यंत नेलं आणि खूप उशिरा 'भीती कशाची' या प्रश्नानं गोष्टीच्या शेवटापर्यंत. त्याबद्दल पुढे.

पायरी २: धावत्या गाडीत चढा

माझी पहिली सुरुवात अशी होती: 'माझे वडील चार भावंडं. आत्या सगळ्यांत धाकटी. लहानपणापासूनच हट्टी. तिचं लग्न साताऱ्याला झालं. तिला शिवणाची भारी आवड. १९८६ साली दिवाळीनंतर ती एकदा पुण्याला यायला निघाली...'

आताची सुरुवात: 'सातारा-पुणे एसटी. खच्चून भरलेली. आत्याच्या मांडीवर शिलाई मशीन.'

आठ शब्द. वडिलांची भावंडं किती, लग्न कुठे झालं, वर्ष कोणतं, यातलं काहीही पहिल्या हशासाठी लागत नाही. हशाच्या आधीचा प्रत्येक शब्द ही ऐकणाऱ्याकडून घेतलेली उधारी असते. ती जितकी जास्त, तितका मोठा हशा फेडायला लागतो. म्हणून कागदावर गोष्ट लिहा आणि पहिल्या हशापर्यंतचा एकेक शब्द झाकून वाचा. झाकूनही गोष्ट कळत असेल तर तो शब्द काढा. ज्या माहितीविना पुढचं कळणारच नाही, ती लागेल त्या क्षणी, एका वाक्यात द्या.

एक अपवाद. जी गोष्ट डोळ्यांसमोर उभी राहायला हवी तिथे कंजुषी नको. आमची मशीन हातानं फिरवायची होती. काळी, कडेला सोनेरी वेलबुट्टी, वर लाकडी झाकण, आणि मांडीवर दोन तास धरली तर पाय बधिर होतील एवढी जड. यातलं 'जड' मी ठेवते आणि 'लाकडी झाकण' ठेवते. वेलबुट्टी सोडताना वाईट वाटतं, पण ती गोष्टीत पुढे काही करत नाही.

पायरी ३: हशाचा शब्द शेवटी, म्हणजे क्रियापदाचं काय करायचं ते ठरवा

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. इंग्रजीत स्टँड-अप शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगतात की ज्या शब्दावर हशा यायचा तो वाक्याच्या अगदी शेवटी ठेव. इंग्रजीला ते सोपं जातं, कारण तिथे क्रियापद मधेच येऊन जातं. आपलं साधं वाक्य क्रियापदावर संपतं. 'आत्यानं मशीनचं फुल्ल तिकीट काढलं होतं.' यात हशा 'मशीनचं' या शब्दावर आहे आणि त्याच्यामागे चार शब्दांचं शेपूट लटकतंय. ऐकणारा हसायला तोंड उघडतो, पण आपण अजून बोलतोय म्हणून थांबतो. 'होतं' येईपर्यंत हसू विरलेलं असतं. मराठीत लिहिलेला विनोद वाचताना हसू येतं आणि मोठ्यानं सांगताना येत नाही, याचं निम्मं कारण हे शेपूट आहे असं माझं ठाम मत आहे.

इलाज बोलण्याच्या मराठीतच आहेत, फक्त पुस्तकी वळण सोडायला हवं.

वाक्य तोडा. 'आत्यानं दोन तिकिटं काढली. एक तिचं. एक मशीनचं.' क्रियापद पहिल्या तुकड्यात संपलं, आता शेवट मोकळा.

प्रश्न विचारून उत्तर एका शब्दात द्या. 'खिडकीपाशी कोण? मशीन.'

क्रियापद पुढे आणा. 'आला बघ तुझा मामा' असं आपण सहज म्हणतो. त्याच चालीवर, 'आणि खिडकीत बसली... मशीन.'

चौथा इलाज संवादासाठी. '"मग फुल्ल तिकीट काढा," असं कंडक्टर म्हणाला' हे छापायला ठीक. सांगताना 'असं म्हणाला'नं आपण स्वतःच्याच हशावर झाकण ठेवतो. 'कंडक्टर म्हणतो, "मग फुल्ल काढा!"' इथे थांबायचं. 'म्हणाला'चं 'म्हणतो' केल्यावर प्रसंग आत्ता घडू लागतो, हा वरचा फायदा. आणि 'पूर्ण' म्हणू नका. कंडक्टर 'फुल्ल' म्हणतात, दोन्ही 'ल' दाबून.

सराव म्हणून आपल्या गोष्टीतली हशाची तीन वाक्यं घ्या आणि चारही प्रकारे म्हणून बघा. डोळे मिटून, मोठ्यानं. कोणतं बरोबर ते कान सांगतो.

पायरी ४: सांगू नका, माणसं उभी करा

स्टँड-अपमध्ये याला अॅक्ट-आउट म्हणतात. 'मग कंडक्टरनं तिला सामानाचं तिकीट काढायला सांगितलं, पण तिनं नकार दिला' हे पोलिसांच्या जबाबासारखं झालं. त्याऐवजी:

'बाई, सामानाचं काढा.'
'सामान नाही हे.'
'मग काय आहे?'
'कमावतं माणूस आहे घरातलं.'
(कंडक्टर मशीनकडे बघतो. आत्याकडे बघतो. हातातला पंच वाजवतो, कट्-कट्.)
'मग फुल्ल काढा!'
'द्या.'

इथे दोन माणसं दाखवायला आवाज बदलायची फारशी गरज नाही. कंडक्टर उभा आहे, म्हणून तो बोलताना माझी नजर खाली. आत्या बसलेली, म्हणून तिची नजर वर. एक उजवीकडे थोडं वळून, दुसरी डावीकडे. एवढ्यानं प्रेक्षकाला दोघं दिसतात. मुलांना मी हेच सांगते: पात्राची जागा ठरव आणि ती गोष्ट संपेपर्यंत हलवू नको. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्यानं ५२ पात्रं उभी केली. सगळं वऱ्हाड आपल्याला दिसायचं, कारण प्रत्येकाची मान, कंबर आणि नजर वेगळी होती. अमेरिकेचे विनोदवीर रिचर्ड प्रायर यांच्या १९७९च्या 'लाइव्ह इन कॉन्सर्ट'मध्ये त्यांना आलेला हृदयविकाराचा झटका आहे. तिथे ते स्वतः एक पात्र होतात आणि त्यांचं हृदय दुसरं, आणि हृदय त्यांना दमात घेतं. वस्तूला, अवयवाला, जनावराला बोलतं करणं ही युक्ती त्यांच्याकडून घ्यावी. माझी मशीन मात्र मी बोलती केली नाही. तिचं गप्प बसून राहणंच गोष्टीला लागतं.

एक गोष्ट इथे कळकळीनं सांगायची आहे. गावाकडचं माणूस उभं करताना हेल काढून, 'ण'चा 'न' करून हशा मिळवायची सवय आपल्याकडे फार आहे. तो हशा त्या माणसावर नसतो, त्याच्या बोलीवर असतो, आणि वर्गात बसलेल्या त्या बोलीच्या पोराला तो लागतो. बोली माणसाची ओळख म्हणून वापरा, हशा त्याच्या बोलण्यातल्या चतुराईवर येऊ द्या. 'कमावतं माणूस आहे' हे कोणत्याही बोलीत तितकंच धारदार आहे.

पायरी ५: हशाला जागा द्या, मग शेपटी जोडा

हशा आला की गप्प बसा. हशाच्या लाटेवर बोलणाऱ्याला लोक पुढच्या वेळी हसत नाहीत, कारण हसलो तर काहीतरी ऐकायचं राहील अशी त्यांना भीती बसते. लाट ओसरायला लागली, अगदी संपायच्या आत, की पुढचं वाक्य. हे माप घड्याळात नसतं, अंगात मुरावं लागतं.

त्याच हशावर नवी मांडणी न करता आणखी एक छोटा हशा मिळवणं म्हणजे टॅग. दोन तिकिटं झाल्यावर उभा असलेला एक माणूस म्हणतो, 'ताई, ती मशीन जरा खाली ठेवता का? बसतो.' आत्या: 'तिकीट आहे तिचं.' हा पहिला. मग खंबाटकीच्या घाटात प्रत्येक वळणाला आत्या मशीनपुढे हात आडवा धरते, जसा लहान मुलासमोर धरतात. इथे शब्दच नाहीत, फक्त हात. हा दुसरा.

तिसरा टॅग मी रचला होता: शिरवळला गाडी थांबल्यावर आत्यानं स्वतःला चहा घेतला आणि मशीनला तेल पाजलं. लोक चांगले हसायचे. तरी मी तो काढला, कारण तसं घडलं नव्हतं आणि ते सांगताना आत्या मला दिसेनाशी व्हायची. तपशील थोडा पुढे-मागे करायला माझी हरकत नसते. पण माणसाला त्यानं कधीच केली नसती अशी गोष्ट करायला लावली की पुढचा खरा प्रसंगही लोकांना रचलेला वाटतो.

पायरी ६: पेरा आणि परत या

कार्यक्रमाच्या सुरुवातीची एखादी लहानशी गोष्ट शेवटी अचानक परत येते आणि सगळ्यांत मोठा हशा तिथे येतो. याला कॉलबॅक म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, हे मला माहीत आहे, मी यात सामील आहे. नारदीय कीर्तनात पूर्वरंगाला एक पद घेतात, निरूपण होतं, मग उत्तररंगात आख्यान रंगतं आणि शेवटी बुवा फिरून मूळ पदावर येतात. त्या क्षणी तेच शब्द नव्यानं ऐकू येतात. जात एकच आहे, फक्त एकीकडे हसू येतं आणि दुसरीकडे डोळे भरतात. चांगल्या गोष्टीत दोन्ही होऊ शकतं.

करायचं असं: शेवट आधी ठरवा. शेवटी जे परत आणायचं ते सुरुवातीच्या भागात एकदा, हशाच्या ओघात, सहज टाकून ठेवा. दोनदा टाकलंत तर लोकांना वास लागतो. आणि मधे पुरेसं अंतर ठेवा, ते विसरायला हवेत. माझ्या गोष्टीत पेरलेली वस्तू आहे 'दोन तिकिटं'.

पायरी ७: माणसांत सांगून बघा

गोष्ट लिहून पूर्ण होत नाही. टीव्हीवरची मालिका संपल्यावर अमेरिकेचे विनोदवीर जेरी साइनफेल्ड यांनी जुना सगळा मजकूर बाजूला ठेवला आणि छोट्या क्लबांतून शून्यापासून नवा बांधायला घेतला. २००२च्या 'कॉमेडियन' या माहितीपटात ते दिसतं. एवढा नावाजलेला माणूस चार-पाच मिनिटांच्या मजकुरासाठी रात्री-रात्री जातो आणि बोलताना मधेच अडखळतो.

तुम्हाला क्लब नको. स्टाफरूम, सोसायटीचा कट्टा, लग्नघरातली रात्र पुरे. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. घरी ऐकताना कागदावर गोष्ट समोर ठेवा आणि तीन खुणा करा: मोठा हशा आला तिथे फुली, हसू अपेक्षित होतं पण आलं नाही तिथे गोल, आणि कुणी खोकलं, खुर्ची सरकवली, मोबाइल बघितला तिथे रेघ. गोल दिसला की आधी क्रियापदाचं शेपूट तपासा, मग पेरणी. रेघ दिसली की बहुतेक वेळा तिथली दोन वाक्यं जास्त असतात. एका वेळी एकच बदल करून पुन्हा सांगा, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. निदान सात-आठ वेळा वेगवेगळ्या माणसांना सांगितल्याशिवाय गोष्टीला नापास करू नका. आणि पाठ करू नका. पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि हशाची वाक्यं शब्दशः पक्की ठेवा. बाकीचं दर वेळी नव्यानं बोला, म्हणजे मधल्या सुट्टीतला तो मुलगा तुमच्यात जिवंत राहील.

पायरी ८: हशानंतर काय उरतं ते विचारा

ऑस्ट्रेलियाच्या हॅना गॅड्सबी यांनी २०१८च्या 'नॅनेट' या कार्यक्रमात एक गोष्ट स्टेजवरच उलगडून दाखवली. विनोदाला दोन भाग पुरतात, मांडणी आणि पंच, म्हणजे हशा आणणारा शेवटचा फटका. गोष्टीला तीन लागतात: सुरुवात, मध्य आणि शेवट. विनोदवीर ताण निर्माण करतो आणि हशा आला की थांबतो, त्यामुळे खऱ्या आयुष्यात पुढे जे घडलं ते कापलं जातं. स्वतःवरच्या हल्ल्याची जी गोष्ट त्यांनी आधी हशावर संपवली होती, ती त्यांनी त्याच रात्री पुढे नेऊन पूर्ण सांगितली.

ते बघितल्यावर मी आमच्या घरातली गोष्ट पुन्हा ऐकली. तीस वर्षं ती खिडकीत बसलेल्या मशीनपाशी संपायची. काका सांगोत, आई सांगो, सगळे तिथे हसायचे आणि कुणीतरी चहा टाकायला उठायचं. वडील ती गोष्ट कधीच सांगत नसत. दिवाळी होऊन गेल्यावर, चार दिवसांच्या माहेरपणाला, मांडीवर मशीन घेऊन कोणती बाई निघते, हा प्रश्न मी कधी विचारलाच नव्हता.

आपल्या प्रत्येक हसऱ्या गोष्टीला हे विचारून बघा: आपण नेमके कुठे थांबतो, आणि तिथेच का? तिसरा भाग दर वेळी सांगायलाच हवा असं नाही. ज्याची गोष्ट आहे त्याची परवानगी असावी, समोरची माणसं ते झेलतील अशी असावीत. सांगायचा असेल तर आवाज खाली आणा, हातवारे थांबवा, वाक्यं लहान ठेवा आणि रडवायला जाऊ नका. पेरलेली वस्तू परत आणा, ती आपलं काम करेल. आत्याला विचारून मी आता शेवट असा सांगते:

'स्वारगेट. मी सात वर्षांची, बाबांचं बोट धरून उभी. आत्या उतरली. पिशवी नाही, ट्रंक नाही. बाबांनी मशीन घ्यायला हात पुढे केला. तिनं दिली नाही. आधी मुठीतली तिकिटं दिली त्यांच्या हातात. बाबांनी बघितली. दोन. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोघी आलात? बरं झालं. चला घरी."'